रोह्याची हवा आणि काचेची बरणी

"टीचर, राग नको धरू हां. पण तू घेतेस काय गो?"

हे मला सुगंधामावशींनी विचारलं, शाळेच्या मागच्या ओट्यावर, मधल्या सुट्टीत. घेतेस म्हणजे दारू. मी रोह्याच्या एका लहान इंग्रजी शाळेत सीनियर केजीला शिकवत होते आणि मावशी तिथे आयाचं काम करायच्या. माझं वय तेव्हा तेवीस होतं. चहासुद्धा मी निम्मा टाकून देत असे.

"नाही हो मावशी."

"नाय ना? मंग बरं. माझा नवरा घ्यायचा. त्याचा नाक न् गाल अस्सेच लाल व्हायचे. म्हनून इचारला." एवढं बोलून त्या मुलांचे डबे उचलायला गेल्या.

मला राग आला नाही. माझ्या चेहऱ्याबद्दल मला तोंडावर विचारणारं ते पहिलं माणूस होतं. बाकीचे पाहत आणि नजर वळवत. मी लहानपणापासून कमी बोलणारी, त्यामुळे माणसं काय बोलत नाहीत तिकडे माझं लक्ष जास्त असतं. त्या वर्षी लोक माझ्यासमोर बरंच काही बोलत नव्हते.

हे लिहिते आहे ते ज्यांचे गाल असे आहेत त्यांच्यासाठी. औषधांची माहिती डॉक्टर देतीलच. मी फक्त माझं काय झालं ते सांगते.

सुरुवात

ही काही वर्षांपूर्वीची गोष्ट, नव्वदचं दशक नुकतं अर्ध्यावर आलं होतं. आमचं घर पेणला, खाली बाबांचा गणपतीचा कारखाना आणि वर आम्ही तिघं. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी हिवाळ्यात माझे गाल तापायला लागले. गरम आमटी प्यायले, जिना चढले, कुणी अचानक नाव विचारलं, की दोन्ही गाल आणि नाक पेटल्यासारखं लाल. अर्ध्या तासाने उतरायचं. मग उतरेनासं झालं. कातडीखाली बारीक लाल रेघा दिसायला लागल्या.

त्याच सुमारास अलिबागकडचं एक स्थळ मला बघून गेलं. मुलाच्या आईने माझ्या आईला जाताना विचारलं, "मुलगी उन्हात फार हिंडते का?" त्यांचं पुढे काही उत्तर आलं नाही. आई त्या दिवसापासून माझ्या चेहऱ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागली. ती नजर मला ओळखीची होती. कारखान्यात तयार मूर्ती गिऱ्हाईक न्यायला येण्याआधी आई तिच्यावर शेवटचा हात फिरवायची. बोटाचा टवका, रंगाचा ओघळ, किरीटाला गेलेली केसभर चीर. आई अशी डागडुजी करायची की बाबांनाही नंतर जागा सापडायची नाही. तिच्या हातासाठी मूर्ती राखून ठेवत. "वहिनींचा हात फिरला की मूर्ती विकली गेली समज," कामगार म्हणत.

मग माझा चेहरा एकाएकी बरा झाला. गाल गोरे, गुळगुळीत. मला वाटलं आजार संपला. जूनमध्ये मी रोह्याच्या शाळेत रुजू झाले, दिवाळीपर्यंत तात्पुरती, पेणहून रोज एस.टी.ने जाऊन-येऊन. काम पसंत पडलं तर कायम करणार होते. मला ती नोकरी हवी होती. बोलायला घाबरणारी मी त्या पाच वर्षांच्या मुलांसमोर न अडखळता बोलायचे. दुसरीकडे कुठेच असं होत नसे.

श्रावणापर्यंत लाली परत आली, आणि या वेळी पुळ्या घेऊन.

संशयितांची रांग

मी सगळ्यांवर संशय घेतला. आधी कारखान्यातल्या रंगावर. गणपतीचे दिवस जवळ आले की खाली कॉम्प्रेसर दिवसभर चालतो आणि रंगाचा बारीक धुरळा जिन्यावरून वर येतो. मग साबणावर, सुक्या मासळीवर, एस.टी.च्या खिडकीतून येणाऱ्या धुळीवर. वडखळ ते गडब रस्ता खणलेला होता. मी ओढणीने तोंड झाकून बसायचे, तर कंडक्टर एकदा म्हणाला, "ताई, लग्न पळून करताय काय?" सगळी गाडी हसली. ओढणीखाली माझे गाल अजून तापले.

शाळेच्या एका कार्यक्रमासाठी मला सलग काही दिवस रोह्यात राहावं लागलं. सुगंधामावशींची शाळेमागे एक खोली होती, तिथे राहिले. दुसऱ्याच दिवशी चेहऱ्याची आग सुरू झाली. तिसऱ्या दिवशी आरशात बघवेना. शनिवारी पेणला घरी आले आणि सोमवारपर्यंत आग निवली.

"बघ," आई म्हणाली. "घरी आलीस की बरं वाटतं."

पुढच्या महिन्यात तसंच झालं. रोह्यात राहिले की भडका, पेणला आले की शांत.

बाबांनी निकाल देऊन टाकला. "कंपन्यांची हवा ती. रात्री काय सोडतात कुणाला ठाऊक. आपली मनू नाजूक कातडीची."

हे सगळ्यांना पटलं, कारण रोह्याला कंपन्या आहेत आणि कधीकधी वासही येतो. मावशींनाही पटलं. "वास सुटला का माझेपन डोले चुरचुरतात," त्या म्हणाल्या. मलाही पटलं. मी खिडकीत उभी राहून हवा हुंगायचे, पहारेकऱ्यासारखी.

दिवाळीला राजीनामा द्यायचा असं घरात ठरलं. मला कुणी विचारलं नाही आणि मी बोलले नाही.

त्या शाळेत

त्याच आठवड्यात मॅडमनी मला बोलावलं. त्या आमच्या मुख्याध्यापिका. फार नीट बोलणाऱ्या.

"एका पालकांनी विचारलंय," त्या म्हणाल्या. "मुलांना लागण होण्यासारखं काही नाही ना? मला माहितेय, नसणारच. पण डॉक्टरांचं सर्टिफिकेट दिलंत तर मला सांगायला बरं."

"कुठल्या पालकांनी?"

"ते महत्त्वाचं नाही."

मला ते महत्त्वाचं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना मी फाटकाशी उभी राहून प्रत्येक आईचा चेहरा वाचला. कोण मुलाचा हात माझ्या हातातून जरा लवकर काढून घेतं ते पाहिलं. चार जणींवर माझा संशय बसला. त्यातली एक पुढे माझी चांगली मैत्रीण झाली. तिचा मुलगा लघवीला घाईला आलेला असायचा, म्हणून ती ओढून नेत असे.

नाव

त्वचेच्या डॉक्टर पनवेलहून दर शनिवारी रोह्याला यायच्या. मेडिकलच्या दुकानावर एक खोली, बाहेर बाक. त्या बाकावर बसणं हा वेगळाच अनुभव आहे. तिथे सगळे जण एकमेकांत अंतर ठेवून बसतात आणि शेजारच्याला कुठे काय झालंय ते चोरून शोधतात. ज्याचं दिसत नाही त्याची भीती जास्त वाटते. माझं तर दुरूनच दिसत होतं, त्यामुळे माझ्या बाजूची जागा रिकामी होती.

डॉक्टरांनी भिंग घेऊन माझे गाल पाहिले, डोळे पाहिले. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं का, विचारलं. होत होतं. ते मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

"याला रोझेशिया म्हणतात. लागण होत नाही. दारूमुळे झालेला नाही, अस्वच्छतेमुळे नाही. ताब्यात राहतो, पण कायमचा जातो असं मी म्हणणार नाही."

मग त्यांनी पेन खाली ठेवलं. "चेहऱ्याला स्टिरॉइडचं मलम लावता?"

"नाही."

"गोरं होण्याचं, खाजेचं, मैत्रिणीने दिलेलं, काहीही?"

"नाही. साबण, कोल्ड क्रीम, कधी पावडर."

"नक्की?"

"मी कशाला खोटं बोलू?"

त्यांनी पेन पुन्हा उचललं. त्यांच्या नजरेत अविश्वास होता आणि मला तो स्वच्छ दिसला. त्यांनी कॅप्सूल लिहून दिल्या, दुधाबरोबर घ्यायच्या नाहीत म्हणाल्या, एक जेल दिलं आणि सर्टिफिकेटही. मी खाली येऊन मेडिकलवाल्याचा चेहरा पाहिला. वरच्या डॉक्टर आणि खालचं दुकान यांचं काही साटंलोटं असेल का, हा विचार औषध हातात पडेपर्यंत माझ्या डोक्यात होता.

घरी आल्यावर आईने विचारलं, "मराठीत काय म्हणतात याला?"

"मराठीत नाव नाही."

"नाव नाही तर लोकांना सांगायचं काय?"

"लोकांना सांगायचंच कशाला?" बाबा म्हणाले.

 आई पानात वाढत होती. माझ्या आमटीत त्या दिवशी तिखट नव्हतं, हे मला पहिला घास घेतल्यावर कळलं. डॉक्टरांनी तिखट बंद सांगितलंय हे मी अजून सांगितलं नव्हतं. आईने स्वतःच ओळखलं होतं. हे मी नोंदवून ठेवते, कारण पुढे जे आलं ते वाचताना हेही लक्षात असावं.

पिशवी

औषधाने गुण येईना. गुण येतो आहे असं वाटायचं, मग पुन्हा फुटायचं. डॉक्टरांनी दुसऱ्या खेपेला तपासलं आणि त्यांचा आवाज बदलला.

"पुढच्या वेळी चेहऱ्याला लागणारी प्रत्येक वस्तू घेऊन या. टॉवेलसकट. आणि घरातल्या कुणाला तरी बरोबर आणा."

शाळेतल्या मुलाला सांगतात तसं. मी रडले नाही, पण परतीच्या गाडीत नागोठणं गेलेलं मला कळलं नाही.

आई बरोबर यायला तयार झाली, जरा जास्तच पटकन. निघायच्या सकाळी मी पिशवी भरत होते. साबण, टॉवेल, पावडर. मग आरशाजवळची कोल्ड क्रीमची काचेची बरणी उचलली.

"ती कशाला?" आई म्हणाली. "काच आहे. गाडीत फुटेल."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. रोह्यात राहायला जाताना मी दोन्ही वेळा बरणी बॅगेत टाकली होती आणि दोन्ही वेळा आईने काढून ठेवली होती. काच आहे, फुटेल. तिथे मी मावशींचं खोबरेल लावायचे.

मी बरणी टॉवेलात गुंडाळली आणि पिशवीत घातली.  गडब गेलं, नागोठणं गेलं. मी तिच्याकडे बघत नव्हते, पण तिच्या हातांकडे बघत होते. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची.

डॉक्टरांनी वस्तू एकेक करून टेबलावर मांडल्या. बरणीचं झाकण उघडून त्यांनी वास घेतला. बोटाने थोडं उचललं, चोळून पाहिलं.

"हे कोल्ड क्रीम असं पातळ नसतं," त्या म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही मला दोनदा नाही म्हणालात. तुम्ही शिकलेल्या आहात, शिक्षिका आहात. तुम्ही खोटं बोलत राहिलात तर मी उपचार कसे करू?"

 गाल इतके तापले की कानात धडधड ऐकू येत होती. बाहेर बाकावरची कुजबुज थांबली होती.

"ती खोटं बोलत नाही," आई म्हणाली. "मी मिसळते."

डॉक्टरांनी बरणीचं झाकण खाली ठेवलं.

"खाजेची ट्यूब आहे. आमच्याकडे कामगारांच्या हाताला प्लास्टर खातं, तेव्हा लावतात. फळीवर असतेच, मिठाच्या बरणीसारखी. कुणाला काही झालं नाही कधी. अलिबागचं गेल्यावर दुसरे बघायला यायचे होते, तेव्हा थोडी घातली. चार दिवसांत चेहरा स्वच्छ. मग मी..." आईने टेबलाच्या कडेवरून हात फिरवला, तिथे काही सांडलं होतं असा. "हिला सांगितलं असतं तर हिने लावली नसती. ही सगळ्याला का म्हणून विचारते."

डॉक्टरांचा आवाज खाली आला. त्यांनी आईला समजावलं ते असं. आजार आधी होताच, तो कुणी दिला नाही. पण ट्यूबने वरवर निवला आणि आत वाढला. कातडी पातळ झाली, तिला ट्यूबची सवय लागली. ट्यूब मिळाली की शांत, नाही मिळाली की भडका.

मी ते ऐकत होते आणि माझ्या डोक्यात रोहा आणि पेण जागा बदलत होते. रोह्यात भडका उडायचा, कारण तिथे बरणी नसायची. हवेचा त्यात काही हात नव्हता. जिला मी महिनोन्महिने खिडकीतून हुंगत होते ती हवा निर्दोष होती, निदान माझ्या गालांपुरती.

"ओल्या मूर्तीवर रंग दिला की फुगून येतो," आई हळू म्हणाली. ती डॉक्टरांशी बोलत नव्हती. "मला कळायला हवं होतं."

डॉक्टरांनी बरणी बाजूला ठेवली. "आता हे बंद. आणि आधी वाढेल, चांगलंच वाढेल, काही आठवडे. तेव्हा सगळे म्हणतील, डॉक्टरच्या औषधाने बिघडलं. तुम्हीही म्हणाल. तरी टिकलात तर उतरेल."

ते आठवडे

दिवाळी समोर होती. राजीनाम्याचं घरात ठरलेलं होतं आणि चेहरा आता मुद्दाम बिघडू द्यायचा होता. मी आयुष्यात पहिल्यांदा न विचारता काही ठरवलं. मी घरी सांगितलं की दिवाळीपर्यंत रोह्यातच राहीन, मावशींच्या खोलीत. जी हवा दोषी ठरवली होती तिच्यातच बरी झाले तर नोकरी सोडायचं कारण उरणार नव्हतं. नाही झाले तर राजीनामा मी स्वतः लिहीन.

खरं कारण अजून एक होतं आणि आईला ते न सांगता कळलं. घरातल्या कुठल्याच बरणीवर माझा भरवसा राहिला नव्हता. ताकाच्या भांड्याकडेही मी बघायचे.

डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. चेहरा सुजला, पुळ्या पिकल्या, रात्री उशी लागली तरी जळायचं. मी मॅडमना सगळं खरं सांगितलं. बरणीचं मात्र सांगितलं नाही, ते घरातलं होतं. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्हाला वर्गात उभं राहवत असेल तर रहा. पालकांचं मी बघते." मला वाटलं नव्हतं त्या असं म्हणतील.

मुलांनी एका वाक्यात मामला संपवला. "टीचर, तुम्ही रागावलात का?" एकाने विचारलं. नाही म्हटलं. "मग लाल का?" माझे गाल असेच आहेत म्हटलं. "बरं," म्हणून तो चित्र रंगवायला बसला. पुढे वर्गात कुणी आरडाओरडा केला की तोच इतरांना सांगायचा, "टीचर रागावल्या नाहीत, त्यांचे गालच तसे आहेत."

मावशी रात्री मलमलचं फडकं माठाच्या पाण्यात बुडवून, पिळून माझ्या तोंडावर ठेवायच्या. "नवऱ्याचा नाक पुसला, आता तुजा," त्या म्हणायच्या. "माज्या नशिबी लालच हाय."

शनिवारी आई यायची. पेणहून एस.टी.ने, डब्यात बिनतिखटाची भाजी, घडीच्या पोळ्या, दहीभात. पहिल्यांदा आली तेव्हा माझा चेहरा बघून ती खोलीबाहेरच थांबली.

"थोडीशी लावली तर..." तिच्या तोंडून गेलंच.

"आई."

"नाही. नाही म्हणतेय मी. तोंडातून गेलं."

ती डबा उघडून बसली आणि प्रत्येक पदार्थ आधी स्वतः एक घास खाऊन मग माझ्या पुढे ठेवला. मी तसं काही म्हटलं नव्हतं. मावशी कोपऱ्यातून बघत होत्या. "काय गो वहिनी, लेकीला इख घालतेस काय?" त्या म्हणाल्या, आणि आई हसायला गेली ते तिला जमलं नाही. मीही जेवले, पण तिच्या पाठोपाठच.

ज्याने मला बरं वाटलं

चहा बशीत ओतून गार करून. माठाच्या पाण्याचं फडकं. छत्री, पाऊस नसतानाही, लोक बघोत. आणि पेण ते रोहा एस.टी.त ड्रायव्हरच्या बाजूची खिडकी. सकाळी जाताना ऊन दुसरीकडे असतं आणि संध्याकाळी येतानाही दुसरीकडेच. हे मला फार उशिरा लक्षात आलं. फळीवरची ट्यूब हाताला लावायची तरी डॉक्टरांना विचारून. चेहऱ्याला तर नाहीच, कुणी कितीही प्रेमाने दिली तरी.

सगळ्यांना समजावत बसू नका. विचारणाऱ्यालाच सांगा. न विचारणाऱ्यांच्या मनात काय चाललंय याचा मी फार हिशेब केला, आणि तो बहुतेक चुकला.

बरणी

दिवाळीच्या सुट्टीपर्यंत सूज गेली. लाली उरली, फिकी. सूज गेली ती रोह्याच्या हवेतच. मॅडमनी मला कायम केलं. बाबा म्हणाले, "हवा बदलली असेल कंपन्यांनी." मी वाद घातला नाही. आईने बाबांना कधीच काही सांगितलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

आजार आहेच. उन्हाळ्यात येतो, काळजीत येतो, लग्नाच्या बोलण्यात हटकून येतो. आता बघायला येणाऱ्यांना आई दारातच सांगते, "हिचे गाल लाल असतात. असेच राहतील." काही जण चहा पिऊन जातात. एक जण अजून येतो.

मी सुट्टीत पेणला असते तेव्हा क्रीम संपत आलं की आई बाजारातून नवी बरणी आणते. झाकणावरचा कागद ती फोडत नाही. बरणी माझ्या हातात देते आणि तिथेच उभी राहते, मी कागदाची कड चारी बाजूंनी बघून फोडेपर्यंत. पहिल्या वेळी मला वाटलं, हिला वाईट वाटेल, आपण न बघताच उघडावी. मी तशी उघडायला गेले.

"बघून घे," आई म्हणाली.

मी बघून घेतली.